हजर मॅडम, चेन कोरडी

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं हसलात. मी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमबद्दल सांगायला नुकती सुरुवात केली होती. त्या ओळखीच्या प्रत्येकाकडे जुने टूथब्रश मागायच्या, एवढंच सांगून झालं आणि धाकटी म्हणाली, "आजी, म्हणजे त्या थोड्या क्रेझी होत्या ना?" मग तुमची जेवायची वेळ झाली, फोन बंद झाला आणि ती बाई तुमच्या मनात तिथेच राहिली, टूथब्रश मागत.

मला राग आला नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला? आला. तुमचा थोडा आला. जास्त आला तो इथल्या लोकांचा. अजूनही भंडाऱ्यात एखाद्या लग्नात कोणी भेटलं की ते "ती तुमची सायकलवाली मॅडम" म्हणतात आणि डोक्यापाशी बोट फिरवतात. ज्यांनी तिच्या शाळेत पोरी शिकायला पाठवल्या, तेही फिरवतात. म्हणून आता नीट लिहून काढते. फोनवर माझं बोलणं तुम्ही मध्येच तोडता, कागदावर तोडता येणार नाही.

आधी टूथब्रशचं सांगते, कारण तिथे माझीही तक्रार आहे. मी शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात ही बाई माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, तुमचा जुना ब्रश फेकू नका. मले द्या." मी नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेली. मला कोणी अशी वस्तू मागेल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी म्हटलं, कशासाठी? ती म्हणाली, "दात घासाले." माझं तोंड तिनं पाहिलं आणि मग म्हणाली, "फ्रीव्हीलचे."

सायकलच्या मागच्या चाकाला दातेरी चक्र असतं, ते फ्रीव्हील. त्याच्या दातांत मळ साचतो आणि टूथब्रशइतका चांगला तो कशानेच निघत नाही, हे तिनं मला माझ्याच टेबलावर चेन पसरून समजावलं. टेबलावर मी स्वतः भरतकाम केलेला टेबलक्लॉथ होता. होता म्हणजे त्या दिवसापर्यंत होता. मी बोलले तिला, चांगलं बोलले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि तो टेबलक्लॉथ, आता खराब झालाच आहे म्हणून, फाडून पुसायचे फडके करायला मागितला.

आमची शाळा मोहाडीच्या अलीकडे, रस्त्याला लागून. मी भंडाऱ्याहून एसटीने जायची, ती मोहाडीतच भाड्याच्या खोलीत एकटी राहायची आणि सायकलने यायची. आजूबाजूच्या खेड्यांतून मुली सायकलने येत. काहींच्या सायकली सरकारी योजनेतल्या, काहींच्या मोठ्या भावाच्या वापरून झालेल्या. शाळा सकाळपाळीची. इकडची थंडी तुमच्याकडच्यासारखी नसते, बर्फ नाही, काही नाही, त्यामुळे ती कोणाला दिसत नाही. दिवाळीनंतर धान कापून होतं, बोड्या म्हणजे आमच्याकडची लहान तळी काठोकाठ भरलेली असतात, जमिनीत ओल असते, आणि सकाळी सगळ्यावर दव पडतं. धुक्यातून आलेल्या मुलीच्या भुवयांवरही पाणी असायचं. तेच पाणी चेनवर बसायचं. त्यात रस्त्यावर मळणीची तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरलेली. ती तणस चाकाच्या दांड्याभोवती गुंडाळली जायची आणि ओल धरून बसायची. ब्रेकचे रबर थंडीने कडक व्हायचे. हे सगळं मला आधी ठाऊक नव्हतं. ऐकून ऐकून पाठ झालं, कारण स्टाफरूममध्ये दिवाळी ते होळी दुसरा विषयच नसे.

"थंडीत माणसं शेकोटीपाशी बसतात," ती म्हणायची. "सायकल कुठी बसन?"

तिचं वागणं सगळं असंच. रस्त्यात कोणी भेटलं की लोक विचारतात कसं काय, ती विचारायची, हवा आहे का? दुसऱ्याची उभी सायकल दिसली की न विचारता मागचं चाक उचलून पायडल फिरवायची आणि डोळे मिटून आवाज ऐकायची. त्यावरून मोहाडीच्या आठवडी बाजारात एकदा भांडण झालं होतं. सायकलच्या मालकाला वाटलं, बाई सायकल चोरून राहिली. हिनं उलट त्यालाच झापलं की चोरावी अशी ठेवली तरी आहे का तू? मुख्याध्यापकांच्या मुलाच्या लग्नात हिनं वधूच्या वडिलांकडे टूथब्रश मागितले, तेही खरं आहे. मी शेजारीच उभी होते, कुठे पाहावं ते मला कळेना. तिच्या कॉटनच्या साडीवर पुरुषी मफलर, खांद्याला पिशवी, पिशवीत खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत घासलेट. रेशनचं घासलेट बंद झालं तरी तिच्याकडे कुठून यायचं, देव जाणे. उत्तरपत्रिकांवर काळी बोटं उमटायची. मुली म्हणायच्या, मॅडमचा अंगठा आला म्हणजे पेपर तपासून झाला. विज्ञानाच्या पुस्तकात गंजाचा धडा कुठेही असो, ती तो थंडीतच शिकवायची. पावसाळ्यात तो धडा शिकवून काय फायदा, पावसाळ्यात तर मूर्खालाही गंज दिसतो, असं तिचं म्हणणं.

आणि हजेरी. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की तिच्या वर्गात नुसतं "हजर मॅडम" चालत नसे. सायकलवर आलेल्या मुलीनं म्हणायचं, "हजर मॅडम, चेन कोरडी." नाहीतर, "हजर मॅडम, चेन ओली." चेन ओली असली की आधी बाहेर जायचं, फडक्यानं पुसायची, मग आत यायचं. शिक्षणखात्याचे एक साहेब वर्गात बसले असताना हे झालं आणि त्यांना वाटलं हा काही संस्कृत श्लोक आहे. मुख्याध्यापकांनी तिला समजावलं. तिनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

स्टाफरूममध्ये एकाने तिला विचारलं होतं, मॅडम, सायकलीचा एवढा नाद लागला कसा, लहानपणी काही झालं होतं का? लोकांना प्रत्येक गोष्टीच्या मागे एक रडकी गोष्ट लागते. ती म्हणाली, "सायकल आहे म्हणून. कारण कायले पाहिजे?" तिच्या घराबद्दल मला ठाऊक आहे ते इतकंच की माहेर पवनीकडचं, बौद्ध कुटुंब, आईवडील दोघं लोकांच्या धानात रोवणीला, म्हणजे लावणीला, जायचे आणि तरी सगळी भावंडं शिकली. ते ती अभिमानाने सांगायची, पण त्यात सायकल कुठे नव्हती.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

एका वर्षी धान भरपूर पिकलं. सरकारी धान खरेदी केंद्राचं गोदाम भरलं. आमच्या संस्थेचे अध्यक्ष, त्यांना सगळे भाऊ म्हणत, त्या केंद्राच्या कामात होते. त्यांनी शाळेची सायकल शेड धानाच्या पोत्यांना देऊन टाकली. विचारलं कोणालाच नाही. चार दिवसांचा प्रश्न आहे, असा निरोप आला. मुलींच्या सायकली पटांगणात, उघड्यावर उभ्या राहू लागल्या. सकाळी येताना ओल्या, मग धुकं उठेपर्यंत ओल्याच. चार दिवसांचे आठवडे झाले. मुख्याध्यापकांकडे ती रोज जायची. शेवटी नुसती ताडपत्री मागितली. ताडपत्री होती, पण ती पोत्यांवर घातलेली होती. शेडच्या टिनाखाली, बरं का, टिनाखाली ताडपत्री. हे लिहितानाही माझं डोकं तापतं.

माझ्या नववीच्या वर्गात बोडीपलीकडच्या गावातली एक मुलगी होती. हुशार, पण बोलायची कमी. त्या हिवाळ्यात ती यायची बंद झाली. मी वर्गशिक्षिका, म्हणून मी घरी जायचं ठरवलं. विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, मीही येते, तिची चेन शेवटचे काही दिवस करकरत होती. सायकल हातात धरून त्या माझ्याबरोबर पायी निघाल्या.

वडील घरीच होते. राइस मिलमध्ये हंगामाचं काम, त्या दिवशी सुट्टी. माणूस वाईट नव्हता. चहा ठेवायला सांगितला आणि मग म्हणाला, "सायकल जाम झाली मॅडम. दोनदा पडली पोरगी. एवढ्या धुक्यात पायी काहून पाठवाची? माही बहीण नागपूरले बोलावून राहिली तिले, लेकरू सांभाळाले. म्हटलं जाऊ दे. संक्रांत झाली की नेऊन देतो."

इतकं सोपं होतं सगळं. चेन जाम झाली, शाळा संपली. मी इंग्रजीत आणि मराठीत जे काही समजावता येतं ते समजावत होते आणि तो प्रत्येक वाक्याला हो म्हणत होता, म्हणजे काहीच ऐकत नव्हता.

मॅडम तोवर अंगणात सायकलपाशी बसल्या होत्या. त्यांनी चेन बोटाने दाबली. ती वाकेना. काठीसारखी ताठ झाली होती, वरून पिवळट, चकचकीत. त्यांनी बोट हुंगलं.

मुलीची आई जवळ येऊन उभी राहिली. "करकर करत होती मॅडम," ती म्हणाली. "मी म्हटलं, पाजावं थोडं तेल. जवसाचं आहे, घाण्यावरून ताजं आणलेलं. भाजीले बी काढलं नोतं अजून. चांगलं भरपूर पाजलं."

तुम्हाला जवस ठाऊक नाही. आमच्याकडे धान निघालं की त्याच जमिनीत पेरतात. तेल खायला चांगलं, पण त्याचा एक गुण असा की ते हवेत सुकतं आणि वार्निशसारखं कडक होतं. सुतार लाकडाला लावतात ते त्यासाठीच. चेनला लावलं की थोड्या दिवसांत कडी न् कडी चिकटते. इकडच्या प्रत्येक घरात हे तेल असतं आणि माणूस घरात जे चांगलं असतं तेच लावतो. मॅडम दर हिवाळ्यात वर्गात बजावायच्या, जवसाचं तेल पोटात, चेनीत नाही. म्हणजे त्या मुलीला ठाऊक होतं. मी तिच्याकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि मॅडमकडे पाहून अगदी बारीक मान हलवत होती. नको, सांगू नका. आई चेनला तेल पाजत होती तेव्हा तिनं सांगितलं नव्हतं आणि नंतरही नाही. आईनं भाजीला न काढता दिलेलं तेल होतं ते.

मला वाटलं, आता बाई फटकळपणे बोलणार. ज्या बाईनं बाजारात परक्या माणसाला सोडलं नाही, शिक्षणखात्याच्या साहेबासमोर हजेरी बदलली नाही, ती इथे कशाला सोडेल? मॅडमनी पदराला हात पुसले.

"तेल चांगलंच आहे ताई," त्या म्हणाल्या. "सायकलच हलक्या मालाची आहे. सरकारी."

मग त्यांनी चेन उतरवली, पिशवीतली बाटली काढली आणि अंगणात बसून एकेक कडी घासलेटात भिजवून टूथब्रशनं घासायला लागल्या. वडील थोडा वेळ पाहत उभे राहिले, मग खाली बसून त्यांनी चाक धरलं. ऊन अंगणातून सरकून भिंतीवर गेलं तोवर दोघं बसलेले होते. बोलणं फक्त चेनचं. नागपूरचं नाव मॅडमनी काढलं नाही. चेन चढवली, पायडल फिरवलं, चाक सुर्रकन फिरलं, तेव्हा त्या वडिलांना म्हणाल्या, "आता अडचण सायकलची नाही. आता तुम्ही सांगा कशाची आहे ते." त्या माणसानं चाक पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. मग म्हणाला, उद्या येईल पोरगी.

परत येताना बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आल्यावर मी म्हटलं, तुम्ही खोटं बोललात. मला वाटलं त्या हसतील. त्या थांबल्या. इतक्या संतापलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "त्या माउलीनं घरातलं चांगलं तेल दिलं, तिची काय चूक? चेन काहून करकरली? सायकल दवात काहून उभी होती? ते ज्याले विचाराचं त्याले विचारू."

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली. हजेरी झाल्यावर मॅडमनी सगळ्या वर्गांतल्या मुलींना बाहेर बोलावलं आणि पटांगणातल्या सायकली मुख्याध्यापकांच्या ऑफिसात न्यायला सांगितल्या. टायर पुसून, रांगेने, मुख्य स्टँडवर. आवाज नाही, घोषणा नाही. मुख्याध्यापक आले तेव्हा त्यांची खुर्ची दिसत होती, पण खुर्चीपर्यंत जायला वाट नव्हती. उरलेल्या सायकली व्हरांड्यात, थेट पाण्याच्या टाकीपर्यंत. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं. सायकली आहेत सर, असं तिनं सांगितलं. शिक्षकांनी सही करायला हजेरीपट हँडलवरून एकमेकांकडे दिला. माझी साडी कुणाच्या तरी पायडलला अडकली आणि फाटली. तिची भरपाई मला कोणी दिली नाही, आणि त्या दिवशी मी मागितलीही नसती.

दुपारच्या आत भाऊ आले. पांढरे कपडे, मागे माणसं. दारातच थांबावं लागलं.

"मॅडम, शेतकऱ्याचं धान आहे ते," ते म्हणाले. आवाज गोड होता. "ओलं झालं तर काळं पडते. कोणी घेणार नाही."

"माहे मायबाप रोवणी करत होते. धानाचं मले नका सांगू भाऊ. धानावर टिन आहे, टिनाखाली ताडपत्री, ताडपत्रीखाली बारदाना. पोरीच्या सायकलवर काय आहे?"

भाऊ मागे वळून हसले, माणसंही हसली. "अहो, सायकल म्हणजे लोखंड आहे मॅडम. लोखंडाले काय होते?"

"लोखंडालेच होते," ती म्हणाली.

व्हरांड्यात मुली उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांच्यात माझ्या वर्गातली ती मुलगीही होती. भाऊ गेले. संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टर आला आणि पोती भाऊंच्या घरच्या पडवीत गेली. म्हणजे जागा होती! पहिल्या दिवसापासून जागा होती, आणि त्या जागेसाठी एका मुलीला नागपूरला पाळण्याची दोरी ओढायला पाठवायला निघाले होते, आणि हे कोणाच्या गावीही नव्हतं.

उन्हाळ्यात तिची बदली झाली. संस्थेची एक शाखा लांब, पवनीच्याही पुढे, तिथे. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेल्या बाईला अशी बदली का, हे विचारायला मी ऑफिसात गेले. प्रशासकीय कारण आहे, असं मला सांगण्यात आलं. हा शब्द नीट ऐकून ठेवा, नातवंडांनो. पुढे तुम्हालाही तो अनेकदा ऐकवला जाईल, आणि त्याचा अर्थ कारण सांगायची लाज वाटते, इतकाच असतो. निरोप समारंभात शाल, नारळ झालं. मुख्याध्यापक भाषणात म्हणाले, मॅडमच्या विनोदी स्वभावाची आठवण येईल. विनोदी! लोक खो खो हसले. तिनं उत्तरादाखल माइक घेतला, तो करकरत होता म्हणून त्याची वायर तपासली आणि भाषण न करता खाली बसली.

पुढचा हिवाळा आला. धान पुन्हा भरपूर. एका सकाळी माझा दहावीचा तास सुरू होण्याआधी पोत्यांनी भरलेली ट्रॉली शाळेच्या फाटकात उभी. शेडकडे तोंड करून. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी खिडकीतून पाहिलं. कोणी म्हणालं, आता पुन्हा सुरू. कोणी म्हणालं, आपल्याला काय करायचंय. मग चहा आला आणि सगळे चहाकडे वळले.

मी खडू, पुस्तक आणि खुर्ची घेतली. दहावीच्या मुलींना सांगितलं, आज इंग्रजीचा तास शेडमध्ये. त्या सतरंजी घेऊन आल्या आणि सायकलींच्या मध्ये बसल्या. मी फळा नव्हता म्हणून टिनाच्या भिंतीवर खडूने पॅसिव्ह व्हॉइस लिहिला. ट्रॅक्टरवाला उतरून आला, डोक्याचा रुमाल काढला.

"मॅडम, जरासं सरकता काय? पोते टाकाचे आहेत."

मी आयुष्यभर शुद्ध बोलत आले. त्या सकाळी मला शुद्ध सुचलं नाही. मी म्हटलं, "नाही सरकत. तास चालू आहे. कायले थांबून राहिला, जा ना."

तो भला माणूस. त्यानं फोन लावला, कोणाशी तरी बोलला, ट्रॅक्टरवर बसून बिडी ओढली, पुन्हा फोन लावला. मुलींनी तोवर बरीच वाक्यं फिरवली. शेवटी ट्रॉली मागे गेली, फाटकाच्या खांबाला घासत. मी खुर्चीवर बसले. तिथूनच आमच्या मॅडमला फोन लावला.

फोन उचलल्यावर तिनं मला कशी आहे ते विचारलं नाही. मी घाईघाईने सगळं सांगितलं. ट्रॉली, टिनावरचा खडू, परत गेलेला ट्रॅक्टर. पलीकडून कौतुकाचा एक शब्द नाही.

"ती बोडीपलीकडची आली आज?"

"आली. समोरच बसली आहे."

"सायकलनं?"

"सायकलनं."

"मग तास सोडून मले फोन काहून करून राहिल्या मॅडम? शिकवा ना."

आणि तिनं फोन ठेवून दिला.